परसातले सहा पॅनल आणि कॅलेंडरवरचा आकडा

नागपूरच्या बेसा भागात आमचं जुनं कौलारू घर आहे. कौलांवर सौर पॅनल चढवायला कोणी धजेना, म्हणून 2022 साली परसातल्या वांगी-टमाटरच्या वाफ्यांवर लोखंडी सांगाडा उभा राहिला. 540 वॅटचे सहा पॅनल, तोंड दक्षिणेला, खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर. माझी तीस वर्षं भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे सूर्याचं गणित येत होतं. बाकीचं पॅनलनीच शिकवलं, काही धडे चांगली फी घेऊन.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. दिवस मावळायच्या थोडं आधी इन्व्हर्टरवरचा (पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारा डबा) त्या दिवसाच्या विजेचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा. अंधार पडला की बऱ्याच इन्व्हर्टरचा पडदा झोपतो, म्हणून आधी. माझ्याकडे तो दुधाच्या हिशेबाशेजारी असतो. मार्चमध्ये 15 युनिट, मेमध्ये 13, जुलैत 5 ते 8, डिसेंबरात 12. आभाळ निरभ्र असून आकडा दोनाने पडला, तर परसात जाऊन बघायचं. बिल महिन्याने बोलतं, कॅलेंडर त्याच संध्याकाळी.

मेमध्ये ऊन जास्त, मग वीज कमी का, असं शेजारीपाजारी विचारतात. पॅनलवर लिहिलेले वॅट 25 अंश तापमानाचे असतात. बाहेर 45 असताना काचेखालचा सेल 65-70 पर्यंत जातो आणि 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे भर दुपारी पंधरा टक्के गेलेच. यावर उपाय एकच, पॅनलच्या पाठीमागून वारा खेळू द्यायचा. खाली रिकामे ड्रम, जुना कूलर, सरपण काही रचायचं नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावला तर हरकत नाही. सावलीत तो माझ्याकडे मार्चअखेरपर्यंत टिकतो.

जमिनीवरच्या पॅनलचा मोठा फायदा म्हणजे तिरपेपणा बदलता येतो. आमच्या सांगाड्याच्या मागच्या पायांना तीन भोकं पाडून घेतली आहेत: 10, 20 आणि 35 अंश. होळीनंतर 10 वर उतरवायचं, दसऱ्यानंतर 35 वर चढवायचं. मधलं भोक आळशी माणसाचं, वर्षभर तिथेच ठेवलं तरी चालतं, कारण नागपूरचं अक्षांश 21 च आहे. मेच्या 25-26 तारखेला, म्हणजे नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस) सुरू होतो त्याच सुमाराला, दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली हरवते. मग पॅनल सपाटच का नको? कारण 10 अंशांखाली पाणी वाहून जात नाही आणि खालच्या चौकटीशी चिखलाची पट्टी बसते. एक पॅनल 27-28 किलोचा, आणि आमच्या एका चौकटीत तीन. हे काम एकट्याने करू नये. माझा भाचा येतो आणि म्हणतो, "मावशी, तू फक्त बोल्ट धर." बोल्ट मी धरते, पण तारांना पुरेशी ढील आहे का हेही मीच बघते.

धुण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण चुका इथेच होतात. वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आत. तापल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग मऊ स्पंजचा पोछा वरून खाली. सुक्या धुळीवर घासलं की ओरखडे पडतात. निरमा नको, भांड्यांची घासणी तर नकोच. खालच्या चौकटीची खाच जुन्या टूथब्रशने साफ करायची. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. कूलरच्या जाळीवर बसतो तसा पांढरा थर पहिल्याच उन्हाळ्यात काचेवर बसला. आता पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवते, ते संपलं की शेवटचा हात आरओच्या गोड पाण्याचा, सहा-सात लिटर पुरतात. आरओचं वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी धुते. एकदा एप्रिलमध्ये महिनाभर राहून गेलं, धुतल्यावर आकडा 12.5 वरून 14 वर गेला.

शेजारी बांधकाम चालू असेल तर आठ दिवस थांबू नका. सिमेंटची धूळ आणि थंडीतलं दव मिळून काचेवर चक्क प्लास्टर होतं.

आणि पॅनल हाताशी असले की घरचेही हात लावतात. आईने एका मार्चमध्ये मुंगवड्यांचं फडकं थेट पॅनलवर पसरलं. गरम, उतरती, स्वच्छ काच, तिला त्यात काही गैर दिसेना. मुंगवड्या दोन दिवसांत खणखणीत वाळल्या. पण झाकलेले सेल वीज करत नाहीत, उलट बाकीच्यांची वीज अडवून स्वतः तापतात. चिमणी-साळुंकीची वाळलेली शीटही तेच करते, म्हणून ती दिसली की धुण्याच्या वाराची वाट न बघता ओल्या फडक्याने पुसायची.

पावसाळ्याआधीची आठवड्याभराची कामं मात्र टाळू नका. आमची जमीन काळी. मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत ती फुगते. पहिल्या वर्षी पाया दोन फुटांचाच होता. ऑगस्टमध्ये ओळंबा लावला तर कोपऱ्यातला खांब बोटभर बाहेर. पुन्हा खणलं, साडेचार फुटांवर मुरूम लागला, तिथून काँक्रीट भरलं. तेव्हापासून वर्षातून दोनदा, मेअखेर आणि ऑगस्टअखेर, चारही खांबांना ओळंबा. पायाभोवती पाणी साचू नये म्हणून उतार आणि छोटी नाली. त्याच वेळी सगळे बोल्ट पान्याने तपासायचे, गंजाच्या जागी झिंकचा रंग लावायचा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहायचं. माती आकसली की अर्थिंग नावापुरतं उरतं. डीसी डब्यात, म्हणजे पॅनलकडून येणाऱ्या तारांच्या डब्यात, एसपीडी असतो, तो विजेचा अचानक आलेला जादा दाब अडवतो; त्याची खिडकी बऱ्याच बनावटींत हिरवी असते, ती लाल दिसली तर पहिल्या गडगडाटाआधी बदलून घ्या. वीज कडाडत असताना मात्र पॅनलकडे फिरकायचं नाही, काहीही बंद करायला नाही.

पाऊस सुरू झाला की धुणं जवळपास बंद आणि गवत चालू. गाजरगवत तीन आठवड्यांत खालच्या कडेला पोचतं. पहिल्या जुलैत गवत कापायचं मशीन लावलं. मी स्वयंपाकघरात होते, टक्‌ असा आवाज आला. माणूस दारात येऊन म्हणाला, "बाई, गोटा उडाला जी." काचेला बोटाएवढा खळगा, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पॅनलवर कोळ्याचं जाळं. तेव्हापासून सांगाड्याच्या दहा फुटांत फक्त विळा. हात घालण्याआधी काठीने आवाज करा, खाली गारवा असतो आणि साप येतात. वर पत्र्याच्या खाचेत गांधीलमाश्यांची पोळी असतात.

पावसाळी सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनची तक्रार दाखवतो, दुपारी ऊन पडलं की गप्प होतो, दुसऱ्या सकाळी परत तेच. असं झालं तर कुठेतरी ओल तारेत शिरते आहे. सांगाड्याला हात न लावता इलेक्ट्रिशियन बोलवा. आमच्याकडे उंदराने पाइपातली डीसी तार कुरतडली होती. तार बदलली आणि पाइपाची दोन्ही तोंडं भांड्यांच्या तारेच्या घासणीने ठासून बंद केली; उंदीर तिला दात लावत नाही. स्वतः जोडण्या खोलू नका. सहा पॅनल मिळून 300 व्होल्टच्या आसपास डीसी असते आणि उजेड आहे तोवर ती बंद होत नाही. इन्व्हर्टर बंद करताना आधी एसी, म्हणजे घराकडचं बटण, मग डीसी, म्हणजे पॅनलकडचं. चालू जोडणी उपटली तर ठिणगी तुटत नाही, जळत राहते.

हिवाळ्यात कामं थोडी, त्रास सावलीचा. 21 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य 45 अंशांवरच असतो, म्हणजे सहा फुटी भिंतीची सावली सहा फूट, आणि सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. पॅनल बसवायची जागा ठरवायची तर डिसेंबरात ठरवा. संक्रांतीनंतर अडकलेला मांजा काढून टाका, ओढून नव्हे, कापून.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात. पॅनलची चाचणी 25 मिलिमीटरच्या गारेवर झालेली असते, लिंबाएवढी गार आली तर सांगता येत नाही. आकाश पिवळं पडलं की 35 अंशांवरच राहू द्या, होळीची घाई करू नका. तिरप्या काचेवर मार सरळ बसत नाही. गारपीट थांबल्यावर रात्री टॉर्च काचेला आडवा धरा, बारीक तडे चमकतात. आणि आजच, पाठीमागे वाकून, प्रत्येक पॅनलच्या स्टिकरवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. माझ्या फुटलेल्या पॅनलवरचं स्टिकर तोवर उडालं होतं, नंबर दाखवता आला नाही, म्हणून नवा पॅनल खिशातून आला.