काळ्या टी-शर्टवरच्या चित्राची पांढरी कड कशी घालवली

पडद्यावर चित्र स्वच्छ, पण काळ्या टी-शर्टवर छापून आलं की कडेला पांढरट रेघ आणि सावलीच्या जागी राखाडी डाग. छपाईला दोष देण्याआधी आपली फाइल तपासा. गडद कापडावर रंगाआधी पांढऱ्या शाईचा थर बसतो. मऊ ब्रशची कड, ग्लो, ड्रॉप शॅडो हे सगळे अर्धपारदर्शक पिक्सेल; त्यांच्याखालीही पांढरी शाई पडते, वरचा रंग विरळ असतो, मग खालचं पांढरं डोकावतं. खोडरबर नीट न फिरल्याने राहिलेले पुसट ठिपके तर डोळ्यांना दिसतही नाहीत, कापडावर मात्र उमटतात.

आधी चित्र छपाईच्या अंतिम मापात आणा: १२ × १६ इंच, ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ४८०० पिक्सेल. हा क्रम उलटा करू नका, कारण नंतर माप बदललं की कडा पुन्हा मऊ होतात. मग गिंपमध्ये (चित्रं संपादित करायचा मोफत प्रोग्राम) मेनूतून लेयर, ट्रान्सपरन्सी, थ्रेशोल्ड अल्फा निवडा, मूल्य ०.५ च्या आसपास. प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण भरीव होतो, नाहीतर पूर्ण पारदर्शक. पडद्यावर कड करवतीसारखी दिसेल, घाबरू नका. एक पिक्सेल जेमतेम ०.०८ मिमीचा असतो, कापडाच्या विणीत तो हरवतो.

सावली हवीच असेल तर ती हाफटोन ठिपक्यांत, म्हणजे लहानमोठ्या भरीव ठिपक्यांत, बदला. शेवटी खाली भडक हिरवा लेयर टाकून कडा २०० टक्क्यांवर पाहा, तो लेयर बंद करा आणि पीएनजी काढा. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.