क्रिएटिनीन वाढायच्या आधी

आयसीयूतली माझी पहिली ड्युटी जुलैत लागली. भाताच्या लावणीवरून आलेला पन्नाशीचा शेतकरी, ताप, लाल डोळे, पोटऱ्या धरता येत नाहीत इतक्या दुखतायत, बीपी ८०/५०. क्रिएटिनीन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.१. 'किडनी नॉर्मल' असं लिहून मी पुढच्या बेडकडे वळलो. पहाटे तीनला सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, नऊपासून युरोबॅगमध्ये फक्त ९० मिली लघवी आहे." मी म्हटलं, सकाळचा रिपोर्ट येऊ दे. सकाळी १.९, दुसऱ्या दिवशी ३.४.

वजन ६० किलो, म्हणजे किलोमागे अर्धा मिली धरून तासाला निदान ३० मिली लघवी हवी. सलग ६ तास त्याहून कमी झाली की केडिगोच्या (किडनीच्या आजारांवरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्था) निकषांनुसार ती किडनीची इजाच, क्रिएटिनीन कितीही असो. ते वाढायला एक-दोन दिवस लागतात. (आधी कॅथेटर अडकलाय का ते मात्र बघा. एकदा मी लघवी वाढवणारं लॅसिक्स दिलं होतं आणि दोष नळीतल्या गुठळीचा निघाला!)

खरी चूक मात्र हिस्टरीत होती. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा संसर्ग) होता, बीपी कोसळून शॉक होता, एवढंच मी धरून बसलो. त्याच्या बायकोला नीट विचारल्यावर कळलं, बीपीसाठी रोज टेल्मिसार्टन, आणि अंगदुखीवर गावात तीन दिवस डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. डायक्लोफेनॅकने किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आकसते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी सैल पडते. त्यात बीपी पडलेलं. गाळणीला दाब मिळणार कुठून? वर ॲडमिशनला अमिकॅसिन हे किडनीला जड जाणारं अँटिबायोटिकही लागलं होतं. एकेक गोष्ट किडनीने कदाचित सोसली असती.

म्हणून नवीन आलेल्यांना माझं सांगणं, 'काही औषधं चालू आहेत का' असं विचारू नका, 'नाही' हेच उत्तर येतं. 'दुखण्यावर काय घेतलं, सुई कुठे टोचली, काढा कुठला प्यायला' असं विचारा. मधुमेह, जुना किडनीचा आजार, वय, सेप्सिस (संसर्गाने अवयव बिघडणं), मोठं ऑपरेशन हे पुस्तकात आहेच. पुस्तक वाचूनही हुकतं ते असं: सत्तरीच्या, हाडं दिसणाऱ्या आजींचं १.० क्रिएटिनीन. स्नायूच नाहीत, तर क्रिएटिनीन तयार होणार किती? तसंच चार-पाच लिटर सलाइन गेलेल्या पेशंटचा आकडा पातळ होऊन खाली दिसतो. आणि सलाइन ओतत राहणं हा उपाय नव्हे. शिरा तुंबल्या की किडनीही तुंबते. लेप्टोत तर लघवी भरपूर होत असतानाही किडनी बिघडलेली असू शकते, आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी उतरतं.

तो शेतकरी चार डायलिसिसनंतर सावरला. डिस्चार्ज कार्डावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, दुखण्याची गोळी बंद, तीन महिन्यांनी क्रिएटिनीन. ऑक्टोबरात आला नाही म्हणून फोन केला. म्हणाला, "लघवी साफ होते डॉक्टर, कापणी चालू आहे."