टाळू रुंद करण्याचा उपचार: लहान मुलांसाठी आणि प्रौढांसाठी

वरचा जबडा दिसायला एकसंध असला, तरी तो उजव्या आणि डाव्या अशा दोन हाडांचा बनलेला असतो, आणि ही हाडे टाळूच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या एका शिवणीने जोडलेली असतात. लहानपणी ही शिवण मऊ व तंतुमय असते. किशोरवयात तिचे काठ एकमेकांत गुंतत जातात आणि पुढे, कोणाचे लवकर तर कोणाचे बऱ्याच उशिरा, हाड सांधले जाते. टाळू रुंद करण्याचा उपचार कोणत्या साधनाने करावा आणि तो कितपत साधेल, हे मुख्यतः या शिवणीच्या अवस्थेवरून ठरते.

हा उपचार कोणाला लागतो, हे आधी पाहू. तोंड मिटल्यावर वरच्या दाढांची बाहेरची कड खालच्या दाढांच्या किंचित बाहेर असावी लागते. वरचा जबडा अरुंद असेल तर हे उलटे होते, आणि त्यालाच क्रॉसबाईट म्हणतात. पुष्कळदा तो एकाच बाजूला दिसतो, कारण दाढा नीट बसत नाहीत म्हणून मूल खालचा जबडा नकळत एका कडेला सरकवून चावते. ही सवय वर्षानुवर्षे राहिली तर जबड्याची वाढही असमान होऊ शकते. मुलाला ओठ उघडे ठेवून दात सावकाश मिटायला सांगा आणि अगदी शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सरकते का, ते समोरून पाहा. ती सरकत असेल तर तपासणी लांबणीवर टाकू नका. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची (दात आणि जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्यांची) संघटना तर प्रत्येक मुलाची पहिली तपासणी ७ व्या वर्षापर्यंत व्हावी असे सुचवते. दात केवळ दाटीवाटीने आले आहेत, क्रॉसबाईट मात्र नाही, अशा मुलाला एक्स्पांडर, म्हणजे टाळू रुंद करणारे साधन, सुचवला गेला, तर त्याचे कारण डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मुलांसाठी बहुधा दाढांवर कड्यांनी पक्का बसवलेला, मध्ये स्क्रू असलेला एक्स्पांडर वापरतात. ही कल्पना जुनी आहे: १८६० मध्ये इमर्सन एंजेल या अमेरिकी दंतवैद्याने ती मांडली, आणि शंभर वर्षांनी, १९६१ च्या सुमारास, अँड्र्यू हास यांच्या कामामुळे ती पुन्हा रूढ झाली. स्क्रूचा एक पाव फेरा म्हणजे बहुतेक साधनांत सुमारे ०.२५ मिलिमीटर. दिवसाला असे एक किंवा दोन पाव फेरे (पुढे त्यांनाच फेरे म्हटले आहे), असे साधारण दोन ते तीन आठवडे चालते. आपल्या मुलासाठी नेमका आकडा डॉक्टर जो लिहून देतील तोच पाळावा.

पालकांची खरी कसोटी किल्ली फिरवण्यात आहे. मुलाला पाठीवर झोपवून मान थोडी मागे टाका आणि टॉर्चचा उजेड थेट टाळूवर पडू द्या. किल्लीला दोरा बांधून त्याचे टोक बोटाला गुंडाळा, म्हणजे ती हातातून निसटली तरी घशात जाणार नाही. स्क्रूच्या पुढच्या बाजूला दिसणाऱ्या छिद्रात किल्ली घालून ती घशाच्या दिशेने, नवे छिद्र पूर्ण समोर येईपर्यंत ढकला. सगळ्यांची चूक होते ती किल्ली काढताना: ती पुढे ओढली तर स्क्रू उलटा फिरतो, म्हणून ती आणखी थोडी मागे, जिभेच्या दिशेने सरकवत अलगद काढावी. नवे छिद्र दिसत नसेल तर फेरा अपुरा राहिला आहे. जोर न लावता डॉक्टरांना कळवा. तारीख आणि फेरे वहीत लिहीत जा, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही फेरे एकदम देऊ नका.

फेऱ्यानंतर काही मिनिटे दाढांवर, नाकाच्या मुळाशी किंवा दोन डोळ्यांच्या मध्ये दाब जाणवतो आणि तो ओसरतो. तीव्र वेदना, हिरडीची सूज किंवा एक्स्पांडर हलू लागणे मात्र नेहमीचे नाही. अशा वेळी फेरे थांबवून दवाखान्यात जावे. पहिल्या काही दिवसांत लाळ जास्त सुटते, उच्चार बोबडे होतात आणि स्क्रूखाली घास अडकतो, तो सुईविरहित सिरिंजमधून पाणी मारून सहज निघतो. चिकट आणि कडक पदार्थ टाळावेत.

आठ-दहा दिवसांत वरच्या दोन मधल्या दातांत फट पडलेली दिसते आणि पालक घाबरतात. ही फट म्हणजे शिवण खरोखर उघडल्याची खूण आहे, आणि ती पुढच्या काही आठवड्यांत, हिरडीतील तंतूंच्या ओढीमुळे, बहुधा आपोआप कमी होते. फेरे संपल्यावरही एक्स्पांडर तीन ते सहा महिने तसाच ठेवतात, कारण उघडलेल्या जागेत नवे हाड तयार व्हायला तेवढा काळ लागतो. घाई केली तर मिळालेली रुंदी परत जाते.

प्रौढांची गोष्ट वेगळी आहे. शिवण घट्ट झाल्यावर साधा एक्स्पांडर वापरला तर हाड हलत नाही, दाढाच बाहेर कलतात, आणि हिरडी दातावरून मागे सरकून दाताभोवतीचे हाड पातळ होण्याचा धोका राहतो. म्हणून प्रथम सीबीसीटी स्कॅनवरून (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवरून) शिवणीची अवस्था पाहून घ्यावी. ती पूर्ण जुळलेली नसेल, तर टाळूच्या हाडात छोटे स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने विस्तार करण्याची मार्प नावाची पद्धत तरुण प्रौढांत उपयोगी पडू शकते, मात्र वय वाढते तशी तिच्या यशाची शक्यता घटते. ती पुरेशी नसेल तर शस्त्रक्रियेने हाड मोकळे करून मग विस्तार करतात. ब्रेसेसनी दात थोडे बाहेर आणणे म्हणजे टाळू रुंद करणे नव्हे, हा फरक डॉक्टरांकडून समजून घ्यावा. विस्ताराने नाकपोकळीही थोडी रुंद होते हे खरे, पण घोरणे किंवा झोपेत श्वास थांबण्याचा त्रास असेल, तर नाक-कान-घसा किंवा झोपविकार तज्ज्ञांकडून वेगळी तपासणी झाल्याशिवाय केवळ त्यासाठी हा उपचार सुरू करू नये.