बेळगाव भागात पूर्वज शोधताना आधी गाव पक्कं करा

पणजोबांच्या मागे जायचं तर नुसतं आडनाव पुरत नाही, मूळ गाव आणि कुलदैवत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारून घ्या. बेळगाव, खानापूर, निपाणी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती, म्हणून त्याआधीचे फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) आणि शाळेचं जनरल रजिस्टर मराठीत, कधी मोडीतही मिळतं. नंतरचे जमिनीचे उतारे कन्नडात. रायबाग मात्र कोल्हापूर संस्थानात होतं, तिथले जुने कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा.

दहनाची रीत असलेल्या घरांना थडगी सापडायची नाहीत. त्यांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या (तिथल्या पिढीजात पुरोहितांच्या) वह्या बघाव्यात. तिथे गाव आणि आडनावावरून पिढ्यांची नावं निघतात, मला तर हा सर्वांत मोलाचा ठेवा वाटतो. ख्रिस्ती घराण्यांना चर्चच्या बाप्तिस्मा-दफनाच्या नोंदी आहेत.

दफनभूमीत किंवा समाधीपाशी सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. फोटो काढा, शेजारच्या दगडांचेही, कारण नातलग बऱ्याचदा जवळजवळच असतात. खडू, ॲसिड, तारेचा ब्रश दगडाला लावू नका.