रसदेच्या रेघेवरून १८६४ ची मिसिसिपी मोहीम कशी अभ्यासावी

विलेपार्ल्यातील आमच्या रविवारच्या इतिहास-बैठकीत अमेरिकी यादवी युद्धातील (उत्तरेची राज्ये विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये) ही मोहीम मी पहिल्यांदा मांडली, तेव्हा सुरुवात लढाईपासून केली आणि तिथेच चुकलो. १० जून १८६४ रोजी मिसिसिपीतील ब्राइसच्या चौफुल्यावर दक्षिणेचा घोडदळ-सेनापती नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याने आपल्या जवळजवळ दुप्पट असलेल्या उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडवली. ही हकीकत इतकी रंगली की श्रोत्यांपैकी कोणीतरी ‘हा तर गनिमी कावा!’ म्हणाले आणि उरलेला तास आपल्याच इतिहासातील दाखल्यांत गेला. ती फौज मुळात तिथे कशासाठी पाठवली होती, हे कोणी विचारलेच नाही. दुसऱ्या वेळी मी क्रम उलटा केला. तीच पद्धत येथे सांगतो.

प्रथम मोठ्या कागदावर फक्त एक रेघ काढावी. केंटकीतील लुइव्हिलपासून नॅशव्हिल १८५ मैल, तेथून चॅटनूगा १५१ मैल आणि पुढे अटलांटा १३७ मैल, असा हा ४७३ मैलांचा, म्हणजे सुमारे ७६० किलोमीटरचा लोहमार्ग होता. मे १८६४ मध्ये दक्षिणेच्या ताब्यातील अटलांटाच्या रोखाने निघालेल्या, उत्तरेच्या जनरल विल्यम शर्मनच्या सैन्याचे पोट या एकाच मार्गावर अवलंबून होते. मुंबईकराला अंतराचा अंदाज यावा म्हणून मी दुसरी रेघ तिच्या खाली काढतो: लुइव्हिल म्हणजे बोरीबंदर धरले, तर नॅशव्हिल चाळीसगावच्या थोडे अलीकडे, चॅटनूगा शेगावच्या आसपास आणि अटलांटा वर्ध्याला येते. वर्ध्याजवळ लढणाऱ्या एक लाख माणसांना मुंबईहून रोज जेवू घालायचे आहे, असे म्हटले की चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. (गंमत अशी की त्या उन्हाळ्यात कसाऱ्याचा घाट चढणारी आपली रेल्वेसुद्धा अजून सुरू झाली नव्हती आणि याच युद्धाने चढलेल्या कापसाच्या भावामुळे मुंबईचे शेअरबाजारवाले हवेत तरंगत होते.)

यानंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. ही पायरी टाळू नये, कारण मोहिमेचे सगळे मर्म तिच्यात आहे. शर्मनजवळ सुमारे १,००,००० माणसे आणि ३५,००० जनावरे होती. माणसाला दिवसाला साधारण सव्वा ते दीड किलो शिधा लागतो. घोड्याला मात्र त्या काळच्या लष्करी प्रमाणाप्रमाणे १४ पौंड गवत आणि १२ पौंड दाणा, म्हणजे जवळजवळ १२ किलो, आणि खेचराला थोडे कमी. जनावरामागे सरासरी ११ किलो धरले, तर दाणावैरण ३८५ टनांवर जाते आणि माणसांचा शिधा १३५ टनांच्या आसपास राहतो. म्हणजे सैन्यातील खरे खादाड चार पायांचे होते.

आता हा माल गाड्यांनी नेता आला असता का, हेही तपासावे. सहा खेचरांची एक गाडी सुमारे १,८०० किलो माल घेऊन दिवसाला २० मैल जाते असे मानले, तर लुइव्हिलहून अटलांटाला पोहोचायला २४ दिवस लागतात. सहा खेचरे रोज ६३ किलो खातात, तेव्हा २४ दिवसांत त्यांनी दीड टन फस्त केलेले असते आणि परतीच्या वैरणीचा प्रश्न तसाच उरतो. शर्मनने स्वतः नंतर हिशेब मांडला होता: १ मे ते १२ नोव्हेंबर अशा १९६ दिवसांत या एका लोहमार्गाने जे पुरवले, त्यासाठी ३६,८०० गाड्या लागल्या असत्या. आकड्यांवर आपण स्वतः हात फिरवला की शर्मनला फॉरेस्टची एवढी धास्ती का होती, हे सांगावे लागत नाही.

मग नकाशावर दोन गोष्टी भराव्यात. पुलांपाशी जाड ओंडक्यांच्या चौक्या आणि ठिकठिकाणच्या शिबंद्या एका रंगाने दाखवाव्यात, तर रेघेच्या पश्चिमेला, उत्तर मिसिसिपीतील टुपेलोच्या परिसरात, फॉरेस्टचा तळ दुसऱ्या रंगाने दाखवावा. टेनेसीच्या पश्चिम टोकाचे मेम्फिस शहर उत्तरेच्या ताब्यात होते, हे विसरू नये. फॉरेस्टला रुळांपासून दूर ठेवायचे, तर रुळांवर पहारा वाढवण्यापेक्षा मेम्फिसहून फौजा काढून त्याला त्याच्याच अंगणात गुंतवून ठेवावे, हा शर्मनचा डाव होता. तो हवेतला नव्हता. डिसेंबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या व्हॅन डॉर्नने उत्तरेचा सेनापती ग्रँट याचे होली स्प्रिंग्जचे कोठार जाळले आणि त्याच सुमारास फॉरेस्टने पश्चिम टेनेसीतील रूळ उखडले, तेव्हा ग्रँटला मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्गवरची खुष्कीची चढाई सोडून मागे फिरावे लागले होते.

आता तारखांची पट्टी करावी आणि तिच्यात दोन रकाने ठेवावेत: फॉरेस्ट कुठे आहे, आणि शर्मन कुठे पोहोचला आहे. जूनच्या प्रारंभी फॉरेस्ट मध्य टेनेसीतील लोहमार्गावर झेप घेण्यासाठी निघाला होता. त्याच वेळी उत्तरेचा सॅम्युएल स्टर्जिस मेम्फिसहून सुमारे ८,००० सैनिक आणि २५० गाड्या घेऊन बाहेर पडला, आणि ही बातमी लागताच फॉरेस्टचा वरिष्ठ स्टीफन ली याने फॉरेस्टला अलाबामातून माघारी बोलावले. पट्टीवर येथे ठळक खूण करावी, कारण माझ्या मते मोहिमेचा पहिला डाव येथेच उत्तरेने जिंकला, लढाईच्या आठवडाभर आधी.

त्यानंतरच चौफुल्याकडे वळावे. पाऊस, चिखल आणि उकाडा यांचे वर्णन मुंबईकराला जूनमध्ये वेगळे करून सांगायची गरज नाही. स्टर्जिसच्या फौजेतील ग्रीअर्सनचे घोडदळ पुढे अडकले, पायदळाला त्या उकाड्यात मैलोगणती पळवत आणले गेले, ते धापा टाकत रांगेत उभे राहिले आणि दुपारनंतर मोडले. मागे टिशोमिंगो ओढ्यावरचा अरुंद पूल गाड्यांनी तुंबला. उत्तरेची हानी २,२०० च्या पुढे गेली, त्यांत बहुसंख्य कैदी. फॉरेस्टचे सुमारे ५०० मेले वा जखमी झाले. चंदावलीला, म्हणजे पिछाडीला, ५५ व ५९ क्रमांकाच्या कृष्णवर्णीय पलटणींनी चिवटपणे झुंज दिली, आणि त्यांचे वर्णन करताना १२ एप्रिलच्या, फोर्ट पिलो या उत्तरेच्या ताब्यातील किल्ल्यावरच्या लढाईचा उल्लेख अवश्य करावा, कारण तेथे फॉरेस्टच्या सैनिकांनी प्रतिकार संपल्यावरही कृष्णवर्णीय शिपायांची कत्तल केली होती. फॉरेस्ट हा युद्धापूर्वी मेम्फिसमधील गुलामांचा व्यापारी होता. त्याच्या चपळाईचे कौतुक करताना श्रोत्यांना हे माहीत असलेच पाहिजे.

पुढचे भराभर भरता येते. शर्मनने लगेच दुसरी फौज काढायला लावली: ए. जे. स्मिथ सुमारे १४,००० सैनिकांसह निघाला आणि १४ व १५ जुलै रोजी टुपेलोला त्याने चांगली जागा धरून ली व फॉरेस्ट यांचे हल्ले परतवले. दक्षिणेची हानी १,३०० च्या घरात गेली आणि फॉरेस्टही जखमी झाला. पाव खराब झाले, दारूगोळा कमी पडला, म्हणून स्मिथ परतला. रसदेच्या मोहिमेत रसदेनेच पाय ओढला. ऑगस्टमध्ये तो मिसिसिपीतील ऑक्सफर्डवर पुन्हा चालून गेला, तेव्हा फॉरेस्टने वळसा घालून २१ ऑगस्टला थेट मेम्फिसवर छापा घातला. तो छापा धाडसी होता, पण मेम्फिस शर्मनच्या रुळांवर नव्हते.

२ सप्टेंबरला अटलांटा पडले. फॉरेस्ट अलाबामातील अथेन्सला पोहोचला २४ सप्टेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सल्फर ब्रँचचा लाकडी पूल जाळला. तोही नॅशव्हिल–डिकेटर फाट्यावरचा, मुख्य रेघेवरचा नव्हे. दोन्ही रकाने आता शेजारी ठेवून पाहावेत.

एक शंका मात्र बैठकीत मांडावीच: फॉरेस्ट जूनमध्ये पोहोचला असता, तरी काय झाले असते? ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या व्हीलरच्या घोडदळाने डाल्टनजवळ रूळ उखडले होते, ते लवकरच पुन्हा बसले. शर्मनच्या बांधकाम पथकांनी चॅटाहूची नदीवरचा ७८० फूट लांबीचा पूल साडेचार दिवसांत उभा केला होता. मला वाटते, एका छाप्याने अटलांटा वाचले नसते, पण महिनाभर फॉरेस्ट मोकळा राहिला असता तर दुरुस्ती करणाऱ्यांनाच पहारा लागला असता. यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

पट्टी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत न्यावी. तेव्हा शर्मन समुद्राकडे निघाला आणि अटलांटाच्या मागचे रूळ त्याच्याच सैनिकांनी उखडून तापवून वाकवले. कागदावरची चॅटनूगा ते अटलांटा ही रेघ त्या तारखेला खोडरबराने पुसावी.