वाडीची शाळा वाचवायची तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे काय घेऊन जायचं

शाळा शेजारच्या गावच्या शाळेत समायोजित होणार, म्हणजे आपली बंद होऊन मुलं तिकडे जाणार, असं कानावर आलं, की पालक पहिले गुरुजींवर तुटून पडतात. तसं करू नका. निर्णय गुरुजींच्या हातात नसतो, आणि पटाचे, हजेरीचे आकडे आपल्याला तेच देणार असतात. त्यांना दुखावलं तर आपलीच बाजू लंगडी पडते.

मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. शाळा पहिली ते चौथी, डोंगरातली, पट वीसच्या आत. दुसरी शाळा ओढ्यापलीकडे, मध्ये साकव. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ (आसपासच्या छोट्या शाळा एकत्र आणून एक शाळा) करण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. तेव्हापासून आमच्याकडे हा विषय पेटला. जिल्ह्याच्या ठिकाणी काय बोलायचं, कोणता कागद दाखवायचा हे तेव्हा आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माणूस ओळखा. जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा असेल तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक). नववी-दहावीच्या संस्थेच्या शाळेचा प्रश्न असेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक). दोघांची कार्यालयं वेगळी. थेट तिथे गेलात तर पहिला प्रश्न येतो, “गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटलात का?” म्हणून केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे) आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी या दोघांना आधी लेखी द्या. ते काही करतील न करतील, पण त्यांच्या पोचेची प्रत हातात असली की वरच्या दारातून कुणी परत पाठवत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी धाव घेऊ नका.

मग ठराव. शाळा व्यवस्थापन समितीला पालक फार हलक्यात घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असायला हव्यात. म्हणजे ही समिती आपलीच आहे. तिची सभा बोलवा, विषयपत्रिकेवर एकच विषय घ्या, इतिवृत्तात ठराव लिहा, सह्या घ्या. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये शंभर जणांनी अंगठे दाखवले तरी कार्यालयात त्याला किंमत नाही. इतिवृत्ताच्या वहीतल्या पानाला आहे. ग्रामसभा जवळ आली असेल तर तिचाही ठराव जोडा.

आता खरं काम: अंतर. शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत, असं परिसराचं माप आहे. त्यातच किमान २० मुलांचीही अट आहे, आणि कार्यालय नेमकं त्याच अटीवर बोट ठेवतं. त्यामुळे ‘नियमात एक किलोमीटर आहे’ एवढं म्हणून भागत नाही. मूल रोज कसं जाणार, हे दाखवावं लागतं. नकाशावर दोन शाळा अगदी जवळ दिसतात, कारण नकाशा ओढ्यावरून सरळ रेघ मारतो. मूल मात्र पायवाटेने जातं. आम्ही वाडीच्या शेवटच्या घरापासून पलीकडच्या शाळेच्या पायरीपर्यंत, मोबाइलवर अंतर मोजत, एका पहिलीतल्या मुलीला बरोबर घेऊन चाललो. किती वेळ लागला तोही लिहिला. तिच्या पायांनी लागलेला वेळ मोठ्या माणसाच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. अर्जातला सगळ्यात वजनदार आकडा तोच ठरला. साकवाचे फोटो जुलै-ऑगस्टमध्ये काढून ठेवा, तारखेसकट. एप्रिलच्या फोटोत ओढा कोरडा दिसतो आणि सगळं म्हणणं पोकळ वाटतं.

मुलांची यादीही करा: आत्ता शाळेत किती, पुढच्या वर्षी पहिलीला येणारी अंगणवाडीत किती, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांतली किती. पट का कमी दिसतो, हे त्या यादीतून आपोआप कळतं.

अर्ज एका पानाचा असू द्या. वरती शाळेचं नाव आणि अकरा अंकी युडायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा वेगळा सरकारी क्रमांक) न चुकता लिहा; एकाच नावाच्या वाड्या तालुक्यात दोन-तीन असतात. विषय एका ओळीत. मागणी एकच. आमच्यातल्या काहींना त्याच अर्जात शौचालय, पोषण आहार, रिकामं शिक्षकाचं पद, सगळं घालायचं होतं. ते सगळे प्रश्न खरे होते, पण त्यांचे वेगळे अर्ज केले, कारण टेबलं वेगळी. एकत्र दिलं की शौचालयाचं उत्तर येतं आणि शाळा बंद होण्याचं राहून जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये परिसरात शाळा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. तेवढा एक संदर्भ पुरे.

दोन प्रती न्या. एक आवक कक्षात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच मिळेपर्यंत खिडकी सोडू नका.

भेटीला चार-पाच जण जा, त्यात मुलांच्या आया असू द्या. बोलणारं एकच माणूस ठरवा. पुढारी बरोबर नेऊ नका. त्यांचं आणि साहेबांचं जुनं काही असेल तर ते मध्ये येतं. अधिकारी ऐकतात की नाही हे पहिल्या वाक्यावर ठरतं. आम्ही म्हणालो, “साहेब, मुलांना पावसात ओढा ओलांडावा लागेल, त्याचं मोजमाप आणलंय.” त्यांनी कागद ओढून घेतला. “शाळा बंद करायला निघालात” असं सुरू केलं असतं तर “शासनाचं धोरण आहे” हे उत्तर तयारच होतं. त्यावरही विचारायला एक प्रश्न जवळ ठेवा: “धोरण आहे, मान्य, पण आमच्या शाळेचा प्रस्ताव गेलाय का, आणि प्रत्यक्ष पाहणी कुणी केली?” वाहनाचं आश्वासन मिळालं तर विचारा, गाडी कुठवर येणार, पैसे कोण देणार, पावसात रस्ता खचला तर काय. घरी आल्यावर लगेच झालेल्या बोलण्याचं पत्र लिहा आणि त्यावरही पोच घ्या: ‘आपण अमुक तारखेपर्यंत पाहणी करून घेण्याचे मान्य केले.’

शाळेला कुलूप ठोकण्याची भाषा कुणी काढली तर थांबवा. बुडतात आपल्याच मुलांचे दिवस, आणि चर्चा ओढ्याची न राहता कुलपाची होते.

उत्तर आलं नाही तर त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. संबंधितांना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपयांचं शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. आपल्या शाळेच्या प्रस्तावाची आणि पाहणी अहवालाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या फाइलला पाहणी अहवालच नव्हता, हे आम्हाला असंच कळलं. त्यानंतर पाहणी झाली आणि ते वर्ष शाळा आहे तिथेच भरली.

सगळ्या पोचा, ठराव, फोटो यांचा एक संच समितीच्या कपाटात आणि एक पालकाच्या घरी ठेवा. अधिकारी बदलतात. नवे साहेब किंवा मॅडम रुजू झाल्या, की पहिल्याच आठवड्यात त्या संचाची झेरॉक्स आवक कक्षात द्या, शिक्का घ्या आणि भेटीची वेळ मागा.