केव्हीएममधील डर्टी लॉगिंगचा पॅच कसा तपासावा

चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना मेमरीच्या कोणत्या पेजवर नव्याने लिहिले गेले, म्हणजे कोणते पेज ‘डर्टी’ झाले, याची नोंद केव्हीएम (लिनक्स कर्नलमधील व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) ठेवते; हेच डर्टी लॉगिंग. ४ केबीच्या प्रत्येक पेजमागे एक बिट असतो, म्हणजे १६ जीबीच्या गेस्टसाठी (व्हर्च्युअल मशीनसाठी) ५१२ केबीचा बिटमॅप लागतो. न लिहिलेले पेज चुकून डर्टी ठरले तर ते फक्त पुन्हा एकदा पाठवले जाते. मात्र लिहिलेले पेज निसटले, तर पलीकडे जुनाच डेटा राहतो आणि कोठेही एरर दिसत नाही. म्हणून तपासणीत निसटलेल्या लिखाणाचाच शोध घ्यावा.

सर्वाधिक वेळ लॉग वाचतानाच्या पायऱ्यांच्या क्रमाला द्यावा. आधी बिटची प्रत घेऊन तो शून्य करायचा, मग पेज राइट-प्रोटेक्ट करायचे (म्हणजे पुढच्या लिखाणाला फॉल्ट येऊन ते कर्नलला कळेल) आणि युजरस्पेसकडे, म्हणजे लॉग मागणाऱ्या प्रोग्रामकडे, परतण्यापूर्वी टीएलबी (सीपीयूतील पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) फ्लश करायचा, असा हा क्रम आहे. मधल्या काळात गेस्टने टीएलबीतील जुन्या नोंदीवरून लिहिले तरी बिघडत नाही, कारण ते पेज घेतलेल्या प्रतीत डर्टी असतेच. पॅचने पहिल्या दोन पायऱ्या उलट केल्या असतील तर काय होईल ते कागदावर मांडून पाहावे: पेज प्रोटेक्ट झाले, लगेच गेस्टने लिहिले, फॉल्ट येऊन बिट लागला आणि पेज पुन्हा लिहिण्यास खुले झाले, त्यानंतर आपण बिट पुसला, पेज मात्र खुलेच राहिले. पुढचे लिखाण मग कोणालाच कळत नाही. गेस्टच्या पेज टेबलांचे रक्षण करणारा एमएमयू लॉक घेतलेला आहे, एवढ्यावर येथे समाधान मानू नये, कारण फास्ट पेज फॉल्टचा, म्हणजे साधे फॉल्ट झटपट निपटणारा, मार्ग तो लॉक घेतच नाही.

इंटेलच्या पीएमएलमध्ये (पेज मॉडिफिकेशन लॉगिंग, म्हणजे ही नोंद प्रोसेसरनेच ठेवण्याची सोय) लिहिलेल्या पेजचे पत्ते ५१२ नोंदींच्या बफरमध्ये साठतात. लॉग वाचण्याआधी चालू व्हीसीपीयू (गेस्टचे आभासी सीपीयू) गेस्टमधून बाहेर काढून तो बफर रिकामा होतो ना, हे पाहावे. याशिवाय स्टील टाइमसारख्या (गेस्टला सीपीयू न मिळालेल्या वेळेच्या) नोंदी कर्नल स्वतःच गेस्टच्या मेमरीत लिहितो आणि अशा लिखाणाला फॉल्ट येत नाही, त्यामुळे तेथे पेज डर्टी करणारे फंक्शन स्पष्टपणे बोलावलेले असावे लागते. नवा मार्ग जोडणाऱ्या पॅचमध्ये नेमके हेच राहून जाते, असा माझा अनुभव आहे.

कर्नलच्या सेल्फटेस्टमधील डर्टी लॉग टेस्ट लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारे कर्नलचे साधन) चालू ठेवून बराच वेळ चालवावी, पण ती पास झाली म्हणजे रेस (दोन सीपीयूंच्या कामाचा क्रम चुकल्याने होणारा बिघाड) नाही असे समजू नये. रेसची दुरुस्ती असल्यास कमिट मेसेजमध्ये दोन सीपीयूंचे दोन रकाने शेजारी-शेजारी मांडून घटनाक्रम मागावा. तो नसेल तर मी पुढचा कोड वाचायला घेत नाही.